नदीजवळच्या जुन्या वाचनालयातील पोथ्या आणि मोडी कागद : पावसाळ्यापूर्वी काय तयारी करावी?

ग्रंथसेवक (महाल, नागपूर)

सर्व जाणकारांना नमस्कार.

महाल भागातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचा मी मानद कार्यवाह आहे. इमारत दुमजली असून वर वाचनकक्ष आणि खाली देवघेव विभाग आहे. देवघेव विभागाच्या मागे जी खोली आहे, जिला आम्ही सारे ‘जुनी खोली’ म्हणतो, तिथे संस्थेचा खरा ठेवा आहे : हस्तलिखित पोथ्या, भोसलेकालीन मोडी कागदांचे रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे), स्वातंत्र्यपूर्व काळातील नियतकालिकांचे बांधीव खंड आणि एका छायाचित्रकाराच्या कुटुंबाने भेट दिलेल्या काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या. पोथ्या लाल कापडात बांधलेल्या आहेत, रुमाल लोखंडी कपाटांत आहेत आणि नियतकालिके भिंतीलगतच्या लाकडी मांडणीवर आहेत. मांडणीची सर्वांत खालची फळी जमिनीपासून जेमतेम चार बोटे वर आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि सीताबर्डीचे मोरभवन बसस्थानक पाण्याखाली गेले, हे येथील नागपूरकरांना आठवत असेलच. आमच्याकडे पाणी पायरीशी येऊन थांबले. तेव्हापासून कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय निघतो आणि ‘इतक्या वर्षांत आपल्याकडे कधी पाणी शिरले नाही’ या वाक्याशी येऊन थांबतो. या वर्षी मात्र मृग लागण्यापूर्वी लेखी आराखडा तयार करावा, असा ठराव झाला असून ते काम माझ्याकडे आले आहे.

शासनाचे अनुदान कर्मचाऱ्यांचे वेतन आणि ग्रंथखरेदी यांतच संपते, त्यामुळे मोठ्या यंत्रणेचा विचार आम्ही करू शकत नाही. मला विचारायचे आहे ते असे : संग्रह वरच्या मजल्यावर हलवणे योग्य ठरेल का, कारण वर पत्र्याचे छप्पर आहे, उन्हाळ्यात तिथे बसवत नाही आणि पावसात एक कोपरा गळतो? समजा पाणी शिरलेच, तर आधी काय उचलावे आणि भिजलेल्या कागदाचे काय करावे? आणि आगीसाठी कोणते उपकरण घ्यावे? दुकानदार प्रत्येक वेळी वेगळे सांगतो.

कागदसंवर्धक

कार्यवाह महोदय, वरच्या मजल्याचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे घाई केली तर पुरापासून वाचवलेला कागद उन्हाने खराब होईल. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, हवा कोरडीठाक होते आणि पत्र्याखालची खोली त्याहूनही अधिक तापते. पुढे पाऊस स्थिरावला की हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या पलीकडे जाते. कागद, कापड, सरस आणि चामडे हे सारे आधी आकसते आणि मग फुगते, आणि दरवर्षीच्या या ओढाताणीत बांधणीचे कणे उकलतात. म्हणून सगळा संग्रह कायमचा वर नेऊ नये. जून ते सप्टेंबर एवढ्यापुरता, आणि तोही निवडक भाग, वर न्यावा, गळक्या कोपऱ्यापासून दूर ठेवावा, कपाटाच्या माथ्यावर जाड प्लास्टिकचे आच्छादन घालावे आणि पाऊस सरल्यावर तो पुन्हा खाली आणावा. खाली राहणाऱ्या साहित्यासाठी मांडणीची तळची फळी निदान वीतभर उंच करून घ्या आणि तिच्यावर ज्यांच्या दुसऱ्या प्रती सहज मिळतात अशीच पुस्तके ठेवा. मांडणी भिंतीला टेकलेली नसावी. मध्ये हात जाईल एवढी फट राहिली की भिंतीची ओल आणि उधई दोन्ही वेळीच दिसतात.

निवडक म्हणजे काय, हे मात्र तुम्हालाच ठरवावे लागेल, आणि ते पाऊस पडण्यापूर्वी, शांतपणे, कागदावर ठरवावे लागेल. पहाटे तीन वाजता, वीज गेलेली असताना, घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून कोणती पोथी अधिक मोलाची याचा विचार कोणालाही करता येत नाही. पहिल्या यादीत दोन माणसांना अर्ध्या तासात उचलून नेता येईल एवढेच साहित्य असावे. यादी लांबली की तिचा उपयोग संपतो. निवडताना केवळ वय पाहू नये. छापील पुस्तक शंभर वर्षांचे असले तरी त्याची दुसरी प्रत विदर्भ साहित्य संघाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात असू शकते. उलट तुमच्या संस्थेची इतिवृत्ते, देणगीदारांचा पत्रव्यवहार आणि दाखल नोंदवह्या (संग्रहात आलेल्या प्रत्येक ग्रंथाची क्रमवार नोंद) यांची दुसरी प्रत कुठेही नसते. दाखल नोंदवही तर यादीत सर्वांत वर लिहा. ती गेली तर काय गेले हेसुद्धा सांगता येत नाही, विम्याचा दावा करता येत नाही आणि चोरी झाल्यास पोलिसांपुढे ठेवायला काही उरत नाही. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा सौंदर्यविषयक मूल्य असलेले आणि पंचाहत्तर वर्षांहून कमी नाही इतके जुने हस्तलिखित पुरावशेषांत मोडते, त्यामुळे प्रत्येक पोथीची छायाचित्रासह नोंद तुमच्याकडे असलीच पाहिजे. यादी आणि खोलीचा नकाशा दारावर चिकटवू नका, नाहीतर चोरालाही मार्गदर्शन होईल. बंद पाकिटात तीन जबाबदार व्यक्तींच्या घरी ठेवा आणि कपाटावर फक्त एक लाल ठिपका लावा.

आता भिजलेल्या कागदाविषयी. सप्टेंबरच्या उकाड्यात ओल्या कागदावर अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत बुरशी धरू लागते, म्हणजे पहिले दोन दिवस तुमच्या हातात असतात. त्या दोन दिवसांत नुकसान पाण्याने होते तितकेच घाईघाईच्या हातांनीही होते. भिजलेला बांधीव खंड फुगून मांडणीत घट्ट बसतो. तो वरच्या टोकाला बोट घालून ओढला की कण्याचा तुकडा हातात येतो आणि पाने मागे राहतात. म्हणून प्रत्येक फळीवर आतापासूनच दोन बोटे जागा मोकळी ठेवा. काढताना शेजारचे खंड आधी सैल करावेत, तळाखाली पूर्ण पंजा घालावा आणि खंड मिटलेलाच बाहेर आणावा. तो उघडून पाहू नये, पिळू नये, चिखल फडक्याने पुसू नये, कारण पुसलेला चिखल तंतूंत जिरतो. वाहतुकीसाठी संत्र्यांचे जाळीदार प्लास्टिकचे क्रेट उत्तम ठरतात, त्यांतून पाणी निथळून जाते आणि कळमन्याच्या बाजारात ते मुबलक मिळतात. तळाशी कोरा कागद अंथरून खंड कणा खाली करून एकाच ओळीत ठेवावेत, वर दुसरा थर रचू नये आणि क्रेट नेहमी दोघांनी उचलावा.

मोडी कागदांच्या बाबतीत थोडा दिलासा आहे. दौलताबाद, जुन्नर अशा ठिकाणी होणारा जुना हातकागद चिंध्या आणि तागाच्या लगद्याचा असे, त्यामुळे त्याचे तंतू लांब आणि चिवट असतात, आणि काजळाची शाई पाण्यात सहसा विरघळत नाही, फक्त तिच्यातील डिंक मऊ पडून ती चोळल्यास पसरते. त्याच रुमालात नंतरच्या काळातील जांभळ्या शाईचे शिक्के किंवा कॉपिंग पेन्सिलीची टिपणे असतील तर ती मात्र पाण्याचा थेंब लागताच वाहू लागतात, म्हणून असे कागद यादीत वेगळे दाखवा. सर्वांत दुबळा कागद म्हणजे विसाव्या शतकातील लाकडी लगद्याचा, ज्याच्यावर तुमची नियतकालिके छापली आहेत. आणि गुळगुळीत आर्ट पेपरची पाने ओली असतानाच सुटी केली नाहीत तर वाळल्यावर त्यांची वीट होते. ती पुढे कोणालाही उकलता येत नाही.

सुकवताना पंखे चालू असावेत पण झोत कागदावर नसावा, खिडक्या बाहेरची हवा कोरडी असेल तरच उघडाव्यात, आणि पानांमध्ये घालण्यासाठी टिपकागद किंवा कोरा न्यूजप्रिंट वापरावा. छापलेले वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते. नाग नदीच्या पुरात सांडपाणी मिसळलेले असते, हे लक्षात घेऊन हातमोजे, गमबूट आणि एन-९५ मुखपट्टी यांचा एक संच वरच्या मजल्यावर आत्ताच आणून ठेवावा.

निवृत्त अग्निशमन प्रशिक्षक

कागदाविषयी वर जे लिहिले आहे त्यात मी भर घालण्यासारखे काही नाही. मी आगीपुरते लिहितो. माझ्या नोकरीच्या काळात मी ज्या ग्रंथालयांची पाहणी केली त्यांत धोक्याचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडले, आणि नागपूरकरांना ते सांगायला नको : कूलर. एप्रिल ते जून कूलर दिवसभर चालतो, त्याची तार खिडकीच्या फटीतून आणलेली असते, जोड चिकटपट्टीने गुंडाळलेला असतो, आणि टाकीतून पाझरणारे पाणी त्याच जोडाखाली साचलेले असते. शिवाय ताट्यांतून येणारी हवा दमट असते. कोरड्या मे महिन्यात ती कागदाला फारशी बाधत नाही, पण जूनच्या मध्यानंतरही सवयीने कूलर चालू राहिला तर बंद खोलीत बुरशीला आमंत्रणच मिळते. जुन्या खोलीत कूलर असेल तर तो काढावा, किमान तिच्या भिंतीपासून दूर न्यावा आणि मृगापूर्वी टाकी कोरडी करून ठेवावी.

दुसरे म्हणजे, जुन्या खोलीचा वीजपुरवठा स्वतंत्र करून त्याचा स्विच खोलीच्या बाहेर, दारालगत बसवून घ्या आणि वाचनालय बंद करताना तो बंद करण्याची नोंद रोज वहीत करा. जादा प्रवाह झाला की वीज तोडणाऱ्या एमसीबीबरोबर गळतीचा प्रवाह ओळखणारा आरसीसीबीही बसवावा. एका दिवसाच्या कामात हे होते आणि खर्च तुमच्या आवाक्यातला आहे. जर्मनीतील वायमार शहरातील अॅना अमालिया ग्रंथालय २ सप्टेंबर २००४ रोजी जळाले. सदोष वीजवाहिनी हेच त्याचे कारण असावे असे मानले जाते. सुमारे पन्नास हजार ग्रंथ कायमचे गेले आणि बासष्ट हजार ग्रंथ आग, धूर आणि विझवण्याच्या पाण्याने खराब झाले. संग्रह काही आठवड्यांतच नव्या भांडारात हलवायचा होता, हे वाचले तेव्हा मला फार वाईट वाटले. तरीही तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी हातोहात साखळी करून हजारो ग्रंथ बाहेर काढले आणि संचालकांनी १५३४ सालचे ल्यूथरचे बायबल स्वतः बाहेर आणले, कारण ते कोठे आहे हे त्यांना अंधारातही ठाऊक होते.

उपकरणाबद्दल. कोरड्या पावडरीचे एबीसी उपकरण प्रभावी आहे, परंतु त्यातील अमोनियम फॉस्फेट हवेतील ओलावा शोषून कागदाला आणि धातूला चिकटते व ती जागा हळूहळू खराब करते. कार्बन डायऑक्साइडचे उपकरण मागे काही ठेवत नाही आणि विजेच्या आगीसाठी योग्य आहे, मात्र धुमसणाऱ्या कागदाच्या गठ्ठ्याला ते थंड करत नाही, त्यामुळे आग पुन्हा पेटू शकते. शिवाय लहान बंद खोलीत ते वापरणाऱ्याचाही श्वास कोंडतो. माझा सल्ला असा की खोलीच्या दाराबाहेर एक कार्बन डायऑक्साइडचे आणि एक पाण्याच्या तुषारांचे अशी दोन उपकरणे ठेवावीत, पावडरीचे उपकरण देवघेव विभागात ठेवावे, आणि वीज बंद केल्याखेरीज पाणी वापरू नये, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ असावे. उपकरण खोलीच्या आत कोपऱ्यात ठेवण्याची पद्धत चुकीची आहे, कारण आग लागल्यावर त्याच कोपऱ्यात जावे लागते. धुराची सूचना देणारे बॅटरीवरचे भोंगे दोन लावा. रात्री इमारतीत कोणी नसते, म्हणून समोरच्या दुकानदाराला आणि मागच्या घरातल्या कुटुंबाला त्या आवाजाचा अर्थ आधीच सांगून ठेवा.

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे आणि दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या वर्षीचा सप्ताह हुकला असेल तरी हरकत नाही; महापालिकेच्या जवळच्या अग्निशमन केंद्राला पत्र देऊन त्यांच्या जवानांना एकदा जुनी खोली दाखवा. गाडी कुठपर्यंत येते, गल्ली कुठे अरुंद होते, पाणी कोठून मिळेल हे त्यांनी आधी पाहिलेले असावे. रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ रोजी पेटले तेव्हा जवळच्या दोन हायड्रंटना (आग विझवण्यासाठीच्या नळांना) पाण्याचा दाब नव्हता, आणि टँकरची वाट पाहण्यात वेळ गेला.

संगणकमित्र (धरमपेठ)

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळ्याचे स्कॅनिंग करून क्लाउडवर ठेवावे, असे माझे मत आहे. आजकाल चांगला स्कॅनर परवडतो आणि महाविद्यालयीन विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून सहज मिळतात. एकदा प्रतिमा सुरक्षित झाल्या की पूर येवो वा आग लागो, मजकूर तर कुठे जात नाही.

कागदसंवर्धक

स्कॅनिंगला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. मोडी रुमाल सोडवणे, पाने सपाट करणे, क्रमांक देणे आणि प्रतिमेला नाव देणे या कामांना वर्षे लागतात, आणि पाऊस जूनमध्ये येणार आहे. म्हणून पहिल्या यादीतील साहित्य आधी स्कॅन करावे, बाकीचे नंतर. विद्यार्थी जरूर घ्यावेत, परंतु घडी पडलेला कागद उलटण्याचे प्रशिक्षण दिल्याशिवाय त्यांच्या हाती रुमाल देऊ नये. स्कॅनिंगच्या उत्साहात झालेले नुकसानही नुकसानच. प्रतिमा ज्या हार्ड डिस्कवर ठेवल्या ती त्याच कपाटात ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे, तीही मोडावी लागेल. आणि मजकूर वाचला तरी मोर्तब, कागदाची जात, दुरुस्तीचे ठिगळ, पोथीच्या समासात नंतरच्या हाताने घातलेली भर, यांवरून अभ्यासक जे ठरवतात ते प्रतिमेवरून नेहमीच ठरवता येत नाही.

ग्रंथसेवक (महाल, नागपूर)

आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे. कूलरविषयी लिहिलेले वाचून मी खाली जाऊन पाहिले. तारेचा जोड वर्णनाबरहुकूम निघाला. तो काढण्याचे काम इलेक्ट्रिशियनला सांगितले आहे.

आणखी तीन शंका आहेत. काचेच्या निगेटिव्ह भिजल्या तर काय करावे, याचा उल्लेख वर आलेला नाही. दुसरे असे की आमचे एक ज्येष्ठ सदस्य दर वैशाखात पोथ्या गच्चीवर ऊन दाखवण्यासाठी काढतात आणि पूर आल्यासही हाच उपाय करावा, असा त्यांचा आग्रह आहे. त्यांच्या शब्दाला संस्थेत मान आहे, त्यामुळे मला नीट कारण सांगावे लागेल. तिसरे म्हणजे, भिजलेली पुस्तके गोठवतात असे मी ऐकले आहे. कळमना बाजाराच्या परिसरात मिरचीची शीतगृहे आहेत, तिथे आपत्तीच्या वेळी जागा मागावी का?

कागदसंवर्धक

काचेच्या निगेटिव्हसाठी एकच कडक नियम : त्या कधीही गोठवू नयेत. गोठवल्यास काचेवरचा जिलेटिनचा थर सुटतो आणि काच तडकते. भिजलेल्या पेटीतील काचा एकमेकींना चिकटू लागण्यापूर्वी सुट्या कराव्यात, चिखल असेल तर थंड स्वच्छ पाण्याच्या परातीत हलकेच बुडवून काढाव्यात आणि थराची बाजू वर ठेवून, तिला बोटही न लावता, सावलीत वाळवाव्यात. मात्र थर सुटताना किंवा पापुद्रे धरताना दिसला तर ती काच पाण्यात घालू नये, तशीच आडवी वाळू द्यावी. थराची बाजू ओळखणे सोपे आहे, ती किंचित मंद दिसते आणि काचेची बाजू चकाकते. काही पेट्यांत जुन्या कोलोडियन पद्धतीच्या, म्हणजे जिलेटिनऐवजी कोलोडियन या द्रव्याचा थर असलेल्या काचा असतील तर त्या पाण्यात बुडवूच नयेत. कोणत्या पेटीत काय आहे हे एखाद्या जाणकाराकडून आत्ताच तपासून घेऊन पेटीवर लिहा.

ज्येष्ठ सदस्यांना असे सांगून पाहा की वैशाखात ऊन दाखवण्यामागचा हेतू योग्य होता. कसर आणि झुरळे हटवण्यासाठी आणि पोथीतला दमटपणा घालवण्यासाठी आपल्या वाडवडिलांकडे दुसरे साधन नव्हते, आणि वेखंडाची पूड, कडुनिंबाचा पाला हे त्याच्याच जोडीचे उपाय. दमट पोथी थोडा वेळ सावलीत, वाऱ्यावर मोकळी केली तर आजही हरकत नाही. परंतु निथळणारा कागद थेट उन्हात ठेवला की वरचे पान आधी आकसते, आतली पाने ओलीच राहतात, पोथी होडीसारखी वळते आणि पाने एकमेकांना धरून बसतात. शिवाय वनस्पतीजन्य रंग उडतात. त्यांच्या समाधानासाठी एखादे निरुपयोगी पुस्तक भिजवून दोन्ही पद्धतींनी सुकवून दाखवा.

गोठवण्याबद्दल तुम्ही ऐकले ते बरोबर आहे. एका वेळी सुकवता येणार नाहीत इतकी पुस्तके भिजली तर गोठवणे हाच वेळ विकत घेण्याचा मार्ग आहे. बुरशी थांबते, शाई पसरणे थांबते आणि पुढे महिन्यांनी थोडी थोडी बाहेर काढता येतात. वायमारची भिजलेली पुस्तके गोठवून पुढे लाइपझिगच्या केंद्रात निर्वात यंत्रात सुकवली गेली. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरात शिरला तेव्हा हे तंत्र हाताशी नव्हते, म्हणून चिखलाने माखलेले ग्रंथ तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांमध्ये नेऊन वाळवावे लागले आणि त्यांच्या दुरुस्तीचे काम पुढे कित्येक दशके चालले. आता मिरचीच्या शीतगृहाविषयी : तिथले तापमान शून्याच्या वर, साधारण आपल्या घरच्या फ्रिजइतके असते. तेवढ्यात बुरशीचा वेग मंदावतो, थांबत नाही. आपल्याला उणे अठरा अंश किंवा त्याखालचे तापमान हवे, आणि ते आइस्क्रीमच्या किंवा गोठवलेल्या मासळीच्या गोदामात असते. अशा एखाद्या गोदामाच्या मालकाला पाऊस लागण्यापूर्वी भेटून, तीस-चाळीस क्रेट ठेवण्याची परवानगी आणि त्यांचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक लिहून घ्या. नदीच्या घाण पाण्यात भिजलेले क्रेट खाद्यपदार्थांजवळ कोणी ठेवू देणार नाही, म्हणून प्रत्येक खंड मेणकागदात गुंडाळून क्रेट जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि वेगळा कोपरा मागावा. तेही न जमल्यास एखाद्या सभासदाच्या दुकानातला डीप फ्रीझर पहिल्या यादीपुरता पुरेल.

चामड्याची बांधणी, रंगीत चित्रे असलेल्या पोथ्या आणि कापडावरचे नकाशे यांचे काय करायचे ते मात्र स्वतः ठरवू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन विभाग आहे, लखनऊला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला आहे आणि वारसा जतनाचे काम करणाऱ्या इन्टॅक या संस्थेची संवर्धन केंद्रेही आहेत. त्यांचे क्रमांक आराखड्याच्या पहिल्या पानावर हवेत. आपल्या अजब बंगल्यातील, म्हणजे १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयातील मंडळींशीही ओळख करून ठेवा, अडचणीच्या वेळी शहरातलाच माणूस आधी पोहोचतो.

कृष्णाकाठची (सध्या नागपूर)

मी मूळची सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात आमच्याकडील वाचनालयांत पाणी शिरले होते आणि एका वाचनालयाच्या साफसफाईत मी मदतीला होते, त्या अनुभवावरून दादांना थोडे सांगते.

वर सर्व शास्त्रीय माहिती आली आहे; आमची अडचण तिच्या आधीच सुरू झाली होती. किल्ली ज्यांच्याकडे होती ते सद्गृहस्थ स्वतःच पुरात अडकले होते. दुसरी किल्ली कार्यालयाच्या खणात, म्हणजे पाण्यात होती. नदीकाठच्या गावात पूर येतो तेव्हा वाचनालयाची माणसेही पूरग्रस्तच असतात, त्यामुळे आपल्या यादीतील निदान दोन जण शहराच्या उंच भागात राहणारे असावेत आणि किल्ल्यांचा एक जुडगा त्यांच्याकडे असावा.

पाणी ओसरल्यावर मदतीला माणसे खूप आली, आणि त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, परंतु कोणी काय करायचे हे सांगणारा कोणी नव्हता. काहींनी भिजलेल्या पुस्तकांचे ढीग अंगणात रचले, काहींनी पाण्याचा पाइप लावून ती धुतली, आणि नोंद करण्यापूर्वीच बरीचशी कचऱ्याच्या गाडीत गेली. म्हणून दारात एक माणूस फक्त वही घेऊन बसवा. आत गेलेला प्रत्येक जण आणि बाहेर आलेला प्रत्येक क्रेट त्याच्या वहीत लिहिला गेला पाहिजे, आणि त्याच्या सहीशिवाय एकही पान टाकून देता कामा नये. लोखंडी कपाटांविषयीही सांगते : पाणी ओसरले तरी कपाटाच्या तळाशी ते साचून राहते, आणि दार बंद असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे एक कपाट कित्येक दिवसांनी उघडले, तेव्हा खालच्या दोन कप्प्यांतील कागदांवर हिरवी-काळी बुरशी होती आणि वरचा कप्पा कोरडा होता. दादा, आपले मोडी रुमाल अशाच कपाटांत आहेत, तर ती विटांवर उचलून घ्या आणि रुमाल वरच्या कप्प्यांत हलवा.

ग्रंथसेवक (महाल, नागपूर)

ताई, किल्लीचा मुद्दा आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. आमच्या तिन्ही किल्ल्या महालातच आहेत. एक किल्ली प्रतापनगरला राहणाऱ्या सदस्यांकडे आणि एक काटोल रोडच्या सदस्यांकडे देण्याचे ठरवले आहे. तळची फळी उंच करण्यासाठी सुतार येत्या आठवड्यात येणार आहे, दाखल नोंदवह्यांची छायाचित्रे काढायला दोन विद्यार्थिनी बसल्या आहेत, आणि पहिल्या यादीवरून कार्यकारिणीत अपेक्षेप्रमाणे वाद सुरू झाला आहे : प्रत्येकाला स्वतःच्या आजोबांनी दिलेली पोथी यादीत हवी आहे.

एकच विचारतो. आराखडा कागदावर तयार झाल्यावर त्याचा सराव कसा घ्यावा? खऱ्या पोथ्या हलवून पाहण्याची आमची हिंमत होत नाही.

कागदसंवर्धक

खऱ्या पोथ्यांना हात लावू नका. रद्दीतून जुने दिवाळी अंक आणि जाडजूड पाठ्यपुस्तके आणा, लाल कापडात बांधा, पहिल्या यादीतील क्रमांक त्यांच्यावर लिहा आणि ती पोथ्यांच्या शेजारी ठेवा. मग एका संध्याकाळी मुख्य स्विच बंद करून, फक्त विजेऱ्या हातात घेऊन, यादीप्रमाणे ती शोधून क्रेटमध्ये भरून वर नेण्यास सांगा. जे सापडले नाही किंवा जिथे दोघे जिन्यात एकमेकांना आडवे आले, तिथे आराखडा दुरुस्त करा. नंतर तीच रद्दी रात्रभर बादलीत भिजवून दुसऱ्या दिवशी सर्वांकडून हाताळून घ्या. दिवाळी अंकातील जाहिरातींची गुळगुळीत पाने सकाळी सुटतात आणि संध्याकाळी सुटत नाहीत, हे त्यांनी स्वतःच्या बोटांनी पाहिले की आर्ट पेपरविषयी वेगळे समजावण्याची गरज उरत नाही. ज्येष्ठ सदस्यांनाही त्या दिवशी आग्रहाने बोलवा, आणि अर्धे अंक त्यांच्या देखरेखीखाली गच्चीवर वाळत घालू द्या.